फायनान्सचं मास्टर्स: बी.कॉम., ६८ टक्के आणि विद्यापीठांची यादी. तपासून द्याल का?

कृष्णाकाठ

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे.

मी सांगलीची. शिवाजी विद्यापीठातून बी.कॉम., तिन्ही वर्षांचे मिळून ६८ टक्के. गेलं दीड वर्ष एका सीएंच्या ऑफिसात काम करते. पतसंस्थांचे आणि मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्यांचे हिशेब माझ्याकडे असतात. २०२६च्या सप्टेंबर-ऑक्टोबरला फायनान्सच्या मास्टर्ससाठी बाहेर जायचं आहे. आयईएलटीएस ७ आहे, जीमॅट ही प्रवेश परीक्षा दिलेली नाही.

क्रमवारीच्या याद्या बघून मी ठरवलेली नावं: लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई), ऑक्सफर्ड, इम्पिरियल, वॉरिक, फ्रान्सचं एचईसी, आणि हमखास मिळेल म्हणून मँचेस्टर. एका कन्सल्टन्सीत ही यादी दाखवली. ते म्हणाले, यातलं काही होणार नाही. मग त्यांनीच तीन नावं दिली, तिन्ही मी कधी ऐकलेली नाहीत. "महिन्याभरात ऑफर लेटर हातात देतो," म्हणाले. तेव्हापासून आई-बाबा गोंधळलेत आणि खरं सांगायचं तर मीही. माझी यादी हवेतली आहे हे कळतंय, पण त्यांची यादी माझ्यासाठी आहे की त्यांच्यासाठी, ते कळत नाही.

अनघा_ठाणे

मुंबईत एका बँकेत मार्केट रिस्कमध्ये १२ वर्षं काम करते, त्या आधारावर बोलते आहे.

तुझ्या यादीतली सहाही नावं एकाच दारात उभी आहेत. तिथे जगभरातून अर्ज येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांकडे गणिताची किंवा अर्थशास्त्राची भक्कम पदवी, वर मोठ्या बँकेतली इंटर्नशिप असते. एलएसईच्या एम.एस्सी. फायनान्सला जीमॅट किंवा जीआरई लागतेच. मँचेस्टरला हमखास समजू नकोस, तेही वरच्याच फळीतलं आहे. सहा अर्ज, सहा फिया, आणि मार्चमध्ये सहा नकार अशी वेळ येऊ शकते. तशी वेळ आलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर ती घाईत मिळेल ते घेतात. म्हणून आत्ताच विचारलंस हे फार बरं केलंस.

माइनकाठचा

मूळचा साताऱ्याचा, ९ वर्षं फ्रँकफुर्टमध्ये. यादीवर बोलण्याआधी चार गोष्टी सांग.

बारावीला गणित घेतलं होतंस की एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस)? बी.कॉम.ला स्टॅटिस्टिक्स आणि बिझनेस मॅथ्स किती पेपर होते, मार्क किती? घरून किती पैसे उभे राहू शकतात, कर्ज धरून नाही, हातातले? आणि सर्वात महत्त्वाचं, फायनान्समध्ये नेमकं काय करायचं आहे? "फायनान्स" हे उत्तर चालणार नाही. बँकेची जोखीम, कंपनीचं मूल्यांकन, फंडांचं अकाउंटिंग, डेरिव्हेटिव्ह्जचं गणित या सगळ्यांचे कोर्स वेगळे आणि गावंही वेगळी.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दादा, क्रमाने उत्तरं देते.

बारावीला गणित घेतलं होतं, ८१ मार्क. वर्गातल्या बहुतेकांनी एस.पी. घेतलं, मी हट्टानं गणित घेतलं. बी.कॉम.ला बिझनेस स्टॅटिस्टिक्सचे दोन पेपर, दोन्हीत सत्तरच्या वर. मायक्रो-मॅक्रो इकॉनॉमिक्स आहे. बाकी अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्स, लॉ.

पैसे: बाबांनी १५ लाख बाजूला ठेवलेत. तासगाव तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे आणि गावात घर. मामा म्हणतोय, त्याचा मिरजेतला फ्लॅट कर्जाला तारण ठेवायला देतो.

काय करायचंय: हे लिहायला जरा संकोच वाटतो. माझे आजोबा हरिपूरला हळदीच्या पेवांवर, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांवर, दिवाणजी होते. २००५च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि माल गेला. त्यावर कोणाचं किती कर्ज होतं, कोण किती बुडालं हे घरात अजून बोललं जातं. आता ऑफिसात त्याच व्यापाऱ्यांच्या वह्या बघते. हळदीचे वायदे (पुढच्या तारखेचे, आज भाव ठरवून केलेले सौदे) एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवर होतात, पण आमच्याकडचे बरेच व्यापारी ते सट्टा म्हणून करतात, भाव पडण्यापासून संरक्षण म्हणून कोणी वापरत नाही. मला भावाच्या जोखमीचा अभ्यास करायचा आहे. शेतमालाची असो की दुसऱ्या कशाची. असं काम कुठे मिळतं तेही नीट माहीत नाही.

अनघा_ठाणे

संकोच अजिबात करू नकोस. तुझ्या पहिल्या पोस्टमध्ये हे नव्हतं, आणि तुझ्या अर्जातली सर्वात मोठी जमेची बाजू हीच आहे. याला कमोडिटी रिस्क म्हणतात आणि त्याच्या नोकऱ्या असतात: बँकांत, व्यापारी कंपन्यांत, एक्स्चेंजवर, सौदे पुरे होतील याची हमी घेणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये.

जुनाबँकर

राष्ट्रीयीकृत बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची काही वर्षं कर्ज विभागात. पैशांबद्दल मी लिहितो, बाकीचं तरुणांनी लिहावं.

मुली, पहिली गोष्ट द्राक्षबागेची. बाग कितीही किमतीची असो, शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. कारण सरफेसी कायद्यात आहे. कर्ज थकलं तर तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार बँकेला या कायद्यानं मिळतो, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँक एनए (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव मागते. गावठाणातल्या घराचंही अवघड. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर मोठी रक्कम मंजूर होताना मी फारशी पाहिली नाही. स्वामित्व योजनेत मालमत्ता पत्रक निघालं असेल तर शाखेत विचारून बघा. दरवर्षी बाप सातबारा घेऊन माझ्यासमोर बसायचे आणि मला नाही म्हणावं लागायचं. पोराचं ऑफर लेटर आलेलं, डिपॉझिट भरलेलं, आणि कर्जाचा विचार त्यानंतर. म्हणून आधी बँक, मग विद्यापीठ.

आता आकडा. समजा ब्रिटनसाठी ४० लाख कर्ज घेतलंस, व्याज साडेदहा टक्के, परतफेड १० वर्षं. हप्ता सुमारे ५४,००० रुपये. पण कोर्सचं एक वर्ष आणि नंतरचे सहा महिने हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं. ते न भरता मुद्दलात गेलं तर साधारण ६ लाख ३० हजार वाढतात आणि हप्ता साडेबासष्ट हजारांच्या आसपास जातो. पौंडात पगार मिळाला तर हे झेपेल. पण परत यावं लागलं तर मुंबईतल्या पहिल्या नोकरीच्या पगारात भाडं देऊन साडेबासष्ट हजार कुठून आणणार? तेच १५ लाखांच्या कर्जाला हप्ता २०,००० च्या थोडा वर बसतो. तो परत आल्यावरही फेडता येतो.

मी प्रत्येक मुलाला हेच विचारायचो: नोकरी इथली मिळाली, तरी हा हप्ता भरशील का? हो म्हणता आलं तर कर्ज घे.

मामांचा फ्लॅट. नात्यातला माणूस प्रेमानं देतो म्हणाला, ही मोठी गोष्ट आहे. पण तारण म्हणजे सही करून विसरायचा कागद नाही. दहा वर्षं तो फ्लॅट त्यांना विकता येणार नाही, त्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी गहाण टाकता येणार नाही. मामींशी बोलणं झालंय का, तेही विचार.

दोन फायद्याच्या गोष्टी. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर जुन्या करप्रणालीत आठ वर्षं वजावट मिळते. आणि कर्जातून परदेशी फी पाठवताना १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर, कापला जात नाही.

परतलेला

काकांचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला हे कोणी आधी सांगायला हवं होतं.

मी ब्रिटनमध्ये फायनान्समध्ये एम.एस्सी. केलं, उत्तरेकडच्या एका विद्यापीठात. नाव लिहीत नाही. कन्सल्टन्सीनं सुचवलेलं. ऑफर बारा दिवसांत आली, आणि ती माझ्या हुशारीमुळे आली असं मला वाटलं. ब्रिटनमधली बरीच विद्यापीठं एजंटांना प्रवेशामागे कमिशन देतात हे तिथे गेल्यावर कळलं. विद्यार्थ्याला सल्ला फुकट मिळतो तो यामुळेच. शिक्षक चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण करिअर विभागात फायनान्सच्या कंपन्या क्वचितच यायच्या.

वर्षाचा वेगही आधी लक्षात येत नाही. सप्टेंबरच्या शेवटी पोचलो, घर शोधण्यात तीन आठवडे गेले. मोठ्या बँकांच्या पदवीधर भरतीचे अर्ज तेव्हाच सुरू असतात आणि बरेच नोव्हेंबरपर्यंत बंद होतात. म्हणजे पहिल्या परीक्षेआधीच नोकरीचा मुख्य हंगाम संपलेला. ज्यांनी भारतातून निघण्याआधीच सीव्ही तिकडच्या पद्धतीचा करून ऑनलाइन चाचण्यांची तयारी केली होती, त्यांचंच काही झालं.

आता नियमही कडक झालेत. पदवीनंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. तू २०२६च्या सप्टेंबरला गेलीस तर कोर्स संपेपर्यंत २०२७ उजाडलेलं असेल, त्यामुळे तुला १८ महिनेच धरून चालायला हवं. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै २०२५ पासून पगाराची अट ४१,७०० पौंड, नव्यानं नोकरीत आलेल्यांना सवलतीनं ३३,४००. लंडनबाहेर सुरुवातीलाच एवढा पगार देणाऱ्या जागा मोजक्या असतात.

खर्चाचा अंदाज: पौंड १२० रुपये धर. फी ३०,००० पौंड म्हणजे ३६ लाख. लंडनबाहेर राहण्यासाठी महिना १,१७१ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात २८ दिवस सलग दाखवावे लागतात, ते साडेबारा लाखांच्या वर. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. सगळं मिळून ५० लाखांचा खेळ आहे.

तरीही ब्रिटन पूर्ण सोडू नकोस. तुझ्या विषयासाठी रेडिंग विद्यापीठाचं आयसीएमए सेंटर बघ. भांडवल बाजार हाच त्यांचा मूळ विषय, ट्रेडिंगच्या सरावासाठी डीलिंग रूम आहेत, आणि लंडन रेल्वेनं अर्ध्या तासावर. ग्लासगोचं अॅडम स्मिथ बिझनेस स्कूलही बघ. तुझ्या टक्क्यांवर तिथे आशा ठेवून अर्ज करावा, खात्री धरू नये.

माइनकाठचा

आता मी सविस्तर लिहितो, कारण तुझी उत्तरं मला आवडली. गणित घेतलंस हा निर्णय तुला आता उपयोगी पडणार आहे.

जर्मनीतली सरकारी विद्यापीठं एजंटांना कमिशन देत नाहीत, म्हणून कन्सल्टन्सीच्या यादीत ती सहसा नसतात. बहुतेक राज्यांत शिक्षण शुल्क नाही, फक्त सेमिस्टरचा अंशदान-खर्च. बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठानंही अलीकडे फी सुरू केली आहे. जगण्याच्या खर्चासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात. युरो १०५ धरला तर साडेबारा लाख. म्हणजे बाबांच्या १५ लाखांत पहिलं वर्ष निघतं. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची परवानगी असते, दुसऱ्या वर्षाचा बराच भार त्यातून आणि छोट्या कर्जातून उचलता येतो. मी तसाच उचलला.

पण इथली अडचण वेगळी आहे. इथे क्रमवारी किंवा निबंधाआधी तुझी गुणपत्रिका विषयवार उघडून बघतात. दोन चाळण्या असतात.

पहिली गुणांची. भारतीय टक्के ते एका सूत्रानं जर्मन श्रेणीत बदलतात: कमाल गुणांतून तुझे गुण वजा, भागिले कमाल वजा उत्तीर्ण, गुणिले तीन, अधिक एक. कमाल १००, पास ४०, तुझे ६८: ३२ भागिले ६०, गुणिले ३, म्हणजे १.६, अधिक १. तुझी श्रेणी २.६. इथे १ सर्वोत्तम आणि ४ काठावर पास. बऱ्याच कोर्सेसना २.५ किंवा त्याहून चांगली श्रेणी लागते, त्यामुळे तू अगदी उंबरठ्यावर आहेस. उत्तीर्ण मर्यादा ४० धरली की ३५, यानं आकडा बदलतो, म्हणून गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूचा नियम नीट वाच. उंबरठ्यावरच्या अर्जाला चांगली जीमॅट मोठा हात देते. नव्या जीमॅटचे गुण २०५ ते ८०५ मध्ये असतात आणि आताचे ६४५ म्हणजे साधारण जुने ७००.

दुसरी चाळणी क्रेडिटची. तीन वर्षांची पदवी म्हणजे १८० ईसीटीएस, युरोपातले अभ्यासाचे क्रेडिट. प्रत्येक कोर्स सांगतो की यातले इतके अर्थशास्त्र-व्यवसायाचे हवेत, इतके गणित-संख्याशास्त्राचे. एक वही घे, सहा सेमिस्टरचे सगळे पेपर लिही, तुझ्या विद्यापीठाचे एकूण क्रेडिट १८० शी जुळवून प्रत्येक पेपरला त्याचा वाटा दे. मग तीन रकाने कर: व्यवसाय-अर्थशास्त्र, गणित-संख्याशास्त्र, आणि कुठेच न बसणारे. भाषा, पर्यावरण, बिझनेस लॉ शेवटच्या रकान्यात जातील. मधल्या रकान्याची बेरीज तुझं जर्मनीतलं भवितव्य ठरवते. ती कमी पडली तर निबंध कितीही सुंदर असो, अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो. हे काम एका संध्याकाळचं आहे. कृपया आजच कर.

नावं: फ्रँकफुर्टचं ग्योटे विद्यापीठ, तिथला मनी अँड फायनान्स हा इंग्रजीतला मास्टर्स. बुंडेसबँक, युरोपियन सेंट्रल बँक, मोठ्या व्यापारी बँका सगळ्या याच गावात, विद्यार्थी आठवड्यात काही तास तिथे काम करतात. मात्र गणित कडक आहे, हा तुझा उडी मारून गाठायचा कोर्स समज. ट्युबिंगेनचा अकाउंटिंग अँड फायनान्स तुझ्या पदवीच्या जास्त जवळ जातो, तिथे १,५०० युरोवाली फी आहे. त्याच राज्यातलं उल्मही बघ. खाजगी फ्रँकफुर्ट स्कूलचं नाव मोठं आहे, पण फीही तशीच. तुझ्या हिशेबात बसणार नाही.

दोन कळकळीच्या सूचना. एक, नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) सक्तीचं आहे. त्याशिवाय व्हिसा नाही आणि बऱ्याच ठिकाणी अर्जही नाही. त्याला वेळ लागतो. दोन, जर्मन भाषा. कोर्स इंग्रजीत असला तरी नोकरी बऱ्याचदा जर्मनमध्ये असते. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. जर्मनची बी१ पातळी नसलेले मित्र त्यातले बारा महिने नुसते अर्ज करत बसलेले मी पाहिलेत. सांगलीत क्लास असेल तर या आठवड्यात नाव घाल.

डब्लिनहून

माइनकाठचा यांना अनुमोदन, त्यात आयर्लंडची भर घालते.

इथे इंग्रजी चालतं आणि मास्टर्सनंतर दोन वर्षं राहता येतं, एकेका वर्षाच्या दोन परवान्यांत. फी साधारण १८ ते २५ हजार युरो, वर शिल्लक म्हणून १०,००० युरो दाखवायचे. म्हणजे जर्मनीपेक्षा महाग, ब्रिटनपेक्षा जरा स्वस्त. घरांची टंचाई मात्र खरोखर त्रासदायक आहे. मी पहिले दोन महिने एका मैत्रिणीच्या हॉलमध्ये झोपले.

कामाचं बोलायचं तर डब्लिनचं आयएफएससी हे आंतरराष्ट्रीय वित्त केंद्र १९८७ पासून उभं आहे आणि इथल्या फायनान्सच्या नोकऱ्यांचा मोठा भाग फंड ॲडमिनिस्ट्रेशनचा. तुझा हिशेब तपासण्याचा अनुभव इथे थेट मोजला जाईल. पण ते रोजचं एनएव्ही (फंडाच्या युनिटचं मूल्य) काढण्याचं काम आहे, भावाच्या जोखमीचा अभ्यास नव्हे. तिथून रिस्ककडे वळता येतं, मी वळले, तीन वर्षं लागली. युसीडी स्मर्फिट हे इथलं वरचं नाव. तुझ्यासाठी कॉर्कचं युसीसी आणि लिमरिक जास्त शक्य वाटतात. लिमरिकला रिस्क मॅनेजमेंट अँड इन्शुरन्स असा स्वतंत्र एम.एस्सी. आहे, आणि नॉर्दर्न ट्रस्टचं मोठं ऑफिसही त्याच गावात. भाडंही डब्लिनच्या मानानं कमी.

न्यूजर्सीकर

अमेरिकेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. तीन वर्षांची पदवी बऱ्याच ठिकाणी अडते. साधा फायनान्सचा कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडत नाही, त्यामुळे पदवीनंतर एकच वर्ष काम. फायनान्शियल मॅथेमॅटिक्ससारखे कोर्स स्टेममध्ये येतात आणि आणखी २४ महिने मिळतात, पण त्यांना तुझ्याकडे आहे त्याहून बरंच जास्त गणित लागतं. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क आलं. अमेरिकेतच शिकून व्हिसा बदलणाऱ्यांना ते लागू नाही असं नंतर स्पष्ट झालं, तरी तुझ्या परिस्थितीत मी ही जोखीम घ्यायला सांगणार नाही.

अनघा_ठाणे

भारतातला पर्यायही यादीत असायलाच हवा, आणि तो नाइलाज म्हणून नव्हे.

सेबीनं स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला आहे. तिथला दोन वर्षांचा सिक्युरिटीज मार्केट्सचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तुझ्या विषयाच्या अगदी जवळचा. वायदेबाजार चालतो कसा, मार्जिन कसं लागतं, नियामक काय बघतो, हे तिथे शिकवतात. जमनालाल बजाजचा एम.एस्सी. फायनान्स आहे. सीईटी देऊन सिडनहॅमचं सिमस्री आहे, सरकारी असल्यानं फी आवाक्यात. मुंबईतल्या रिस्क विभागांत या ठिकाणची मुलं भरपूर दिसतात.

आणि काहीही ठरव, सीएफए या फायनान्सच्या व्यावसायिक परीक्षेची पहिली पातळी दे. पदवी झालेली असल्यानं लगेच नोंदणी करता येईल, पासपोर्ट मात्र हवा. त्यातला क्वांटचा (गणित-संख्याशास्त्राचा) भाग तुझं गणित ताजं करेल, आणि बी.कॉम.च्या मार्कांवर शंका घेणाऱ्याला तो निकाल उत्तर देईल.

एस.ओ.पी.बद्दल, म्हणजे अर्जासोबतच्या निबंधाबद्दल: "लहानपणापासून मला आकड्यांची आवड होती" असं एकही वाक्य नको. हरिपूरच्या पेवांपासून सुरुवात कर. मग तू बघितलेल्या वहीतला एक प्रसंग, नाव न घेता: माल किती होता, भाव किती पडला, वायदा असता तर किती वाचलं असतं. तो हिशेब स्वतः मांड, मुद्द्यासकट आकड्यांत. मी अर्ज वाचत असते तर अशा मुलीला नक्की बोलावलं असतं.

कृष्णाकाठ

रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसले. दादा म्हणाले तसे तीन रकाने केले. व्यवसाय-अर्थशास्त्र भरपूर भरतंय. गणित-संख्याशास्त्र १८ च्या आसपास येतंय. ग्योटेला कमी पडेल असं वाटतं, बाकीच्या दोघांचे नियम बघते. वाईट वाटलं, पण निदान का ते कळलं.

मामांशी आणि मामींशी बोलले. मामी काही बोलल्या नाहीत, नुसता चहा दिला. बाबा घरी येऊन म्हणाले, फ्लॅटचा विषय आपण बंद करू. मलाही तेच बरं वाटलं.

एक प्रश्न, राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीबद्दल कोणाला माहिती आहे का?

जुनाबँकर

वेगवेगळ्या आहेत, आपला प्रवर्ग बघून अर्ज करायचा. सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावची, इतर मागास बहुजन कल्याण विभागाची, आणि खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची. त्या त्या वर्षीची जाहिरात, उत्पन्नाची अट आणि तारीख स्वतः वाचायची, ऐकीव माहितीवर जायचं नाही. जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही आहे, ती १८९२ पासून चालू आहे.

या ठिकाणी एक लक्षात ठेव. सरकारी योजनांत सहसा क्यूएस क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांची अट असते. ग्लासगो आणि युसीडी त्यात बसतात. ग्योटे, लिमरिक बसत नाहीत. इतर वेळी क्रमवारीकडे दुर्लक्ष केलंस तरी चालेल, इथे मात्र तिच्यावर पैसे अवलंबून आहेत.

माइनकाठचा

१८ वाईट नाहीत. आणि ते वाढवता येतात का हेही बघ. काही विद्यापीठं पदवीनंतर वेगळ्यानं केलेले, परीक्षा आणि क्रेडिट असलेले कोर्स मोजतात, काही मोजत नाहीत. प्रवेश विभागाला तुझे तीन रकाने जोडून ईमेल कर आणि सरळ विचार. जर्मन कार्यालयं अशा नेमक्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतात.

कृष्णाकाठ

दोन आठवड्यांनी लिहिते आहे.

दोघांपैकी एका विद्यापीठाचं उत्तर आलं: अर्ज करता येईल, मात्र संख्याशास्त्राच्या पेपरांचा तपशीलवार अभ्यासक्रम जोडा. म्हणून आता यादी अशी ठरली. ट्युबिंगेन आणि उल्म, यावर सगळा जोर. ग्योटेला जीमॅट चांगली गेली तरच. लिमरिक आणि कॉर्क, कर्ज १५ लाखांच्या आत बसत असेल तर. ग्लासगोला फक्त शिष्यवृत्तीसाठी अर्ज, ती नाही मिळाली तर ऑफर आली तरी सोडायची, हे बाबांसमोर बोलून ठेवलंय. इकडे एनआयएसएम. सीएफएची नोंदणी पुढच्या पगारात. जर्मनचा क्लास सोमवारपासून सुरू झाला, बॅचमध्ये आम्ही सहाजण आहोत, त्यातल्या चारजणी नर्सिंगच्या.

एस.ओ.पी.साठी आमच्या साहेबांच्या परवानगीनं एका जुन्या वहीवरून हिशेब मांडला. भाव पडलेल्या त्या हंगामात अर्ध्या मालाचा जरी वायदा विकून ठेवला असता, तर त्या माणसाला पतसंस्थेचं कर्ज फिरवावं लागलं नसतं. हे बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे बेदाण्याला होतं का?"

बेदाण्याला वायदा नाही, हे सांगावं लागलं.

आता अडलंय ते अभ्यासक्रमापाशी. माझ्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम कॉलेजात मिळत नाही, वेबसाइटवर नवा आहे. जुन्यावर शिक्का कुठून आणायचा?

माइनकाठचा

नवा अजिबात पाठवू नकोस, गुणपत्रिकेशी पेपरांची नावं जुळणार नाहीत. प्राचार्यांचं पत्र घेऊन कोल्हापूरला विद्यापीठात स्वतः जा, अभ्यास मंडळाकडे जुन्या प्रती असतात. तुझ्या प्रवेशाचं वर्ष सांगून मागून घे आणि प्रत्येक पानावर शिक्का मारून घे, नुसत्या पहिल्या पानावर नको. दोन संच कर. एक स्कॅन करून ठेव, दुसरा कोणालाही देऊ नकोस. ट्रान्सक्रिप्टचा अर्जही त्याच फेरीत टाक, त्यालाच जास्त दिवस लागतात.